पडीक नावाचा रंग

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. तिला सूची म्हणतात. हिरवा म्हणजे जंगल, निळा म्हणजे पाणी, गुलाबी म्हणजे वस्ती. पंचवीसेक वर्षे जीआयएसवर, म्हणजे संगणकी नकाशांवर, काम केल्यावर आज कोणी मला विचारले की या धंद्यात सगळ्यात अवघड काय, तर मी त्या चौकटीकडे बोट दाखवते. उपग्रहाची चित्रे वाचणे, सॉफ्टवेअर, त्यामागचे गणित हे सगळे शिकता येते. त्या चौकटीत कुठला शब्द लिहायचा हे मात्र मला फार उशिरा कळले. तोवर माझ्या एका शब्दाने करायचे ते नुकसान करून झाले होते.

१९९९ साली मी पुण्यात या कामाला लागले. शिक्षण वनस्पतिशास्त्राचे, संगणकाशी ओळख जेमतेम. पहिले सहा महिने निव्वळ गिरवण्यात गेले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या टोपोशीट स्कॅन करून पडद्यावर आणायच्या आणि वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा, ओढे, पाऊलवाटा, विहिरी एकेक टिंब टिचकावत गिरवायच्या. रात्री डोळे मिटले तरी तपकिरी रेषा दिसायच्या. तेव्हा ती हमाली वाटायची. पण दौंड, सुपे, कर्जत, करमाळा हा मुलूख मला पाठ झाला तो त्यातूनच. या शीटांवर दोन गावांच्या मध्ये बरीच कोरी जागा असते. माझी पुढची सगळी वर्षे त्या कोऱ्या जागेत जाणार आहेत, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिला धडा एका विहिरीने दिला. हातात नवा जीपीएस होता. मी एका विहिरीच्या काठावर उभी राहून नोंद घेतली, कार्यालयात येऊन ती शीटवर टाकली, तर विहीर शंभर-सव्वाशे मीटर सरकून ओढ्याच्या पलीकडे गेलेली. मी साहेबांना सांगितले, यंत्र बिघडले आहे. यंत्र ठणठणीत होते. आपल्या जुन्या शीट एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकोणिसाव्या शतकात ठरलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेल्या; जीपीएस दुसराच आकार धरून चालतो. जागा एकच, पत्ते दोन, आणि आपापल्या हिशेबाने दोन्ही बरोबर. नकाशाही काही गृहीत धरूनच काढलेला असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. पण मी ते फक्त अक्षांश-रेखांशांपुरते लक्षात ठेवले. शब्दांनाही ते लागू होते, हे सुचायला आणखी काही वर्षे गेली.

आमचा विषय भूदृश्य परिसंस्थाशास्त्र. नाव भारदस्त, कल्पना साधी. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३९ मध्ये हा शब्द वापरला, तो विमानातून घेतलेली जमिनीची छायाचित्रे अभ्यासताना. वरून पाहिले की अधिवासाचे तुकडे दिसतात, त्यांना जोडणारे पट्टे दिसतात, आणि या सगळ्याला वेढून असलेला भोवताल दिसतो. चिंकारा किंवा लांडगा टिकेल की नाही, हे त्याच्या जोगती जमीन किती उरली यावर जसे ठरते, तसेच ती सलग आहे की विखुरलेली, आणि मधल्या शेतांतून त्याला जाता येते की नाही, यावरही ठरते. हे मोजायला जीआयएससारखे साधन नाही. आणि माणसाला इतक्या सफाईने फसवणारेही दुसरे साधन मला भेटलेले नाही.

माझी पहिली जाहीर फजिती तुकडे मोजतानाच झाली. एका तालुक्यातल्या झुडपी रानाचे मी दोन काळांतले नकाशे केले. जुन्या चित्रापेक्षा नव्यात तुकड्यांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली. मी सभेत ठामपणे सांगितले, रानाच्या चिंधड्या झाल्या आहेत. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, दोन्ही चित्रांचा पिक्सेल केवढा? जुने चित्र आपल्याच उपग्रहाच्या लिस-१ कॅमेऱ्याचे, साडेबहात्तर मीटरच्या चौकोनांचे. नवे लिस-३ चे, साडेतेवीस मीटरचे. जुन्या एका चौकोनाच्या जागी नवे नऊ-दहा बसतात. मधली शेते, बांध, गाडीवाटा जुन्या चित्राला दिसतच नव्हत्या, म्हणून त्यात रान सलग वाटत होते. रान तुटले नव्हते असे नाही. पण मी मोजला तो बराचसा कॅमेऱ्यांतला फरक होता. घरी येऊन मी नवे चित्र जाडसर करून पुन्हा मोजले, तर वाढ बघता बघता आटली. तेव्हापासून दोन काळांची तुलना दिसली की मी आधी पिक्सेल विचारते. त्या गृहस्थांचे आभार मानायचे मात्र राहून गेले.

आता त्या शब्दाकडे येते.

२००४ च्या सुमारास एका योजनेसाठी आमच्याकडे काम आले: वृक्षलागवडीस योग्य पडीक जमिनीचा नकाशा. त्या काळी उपग्रहाचे चित्र विकत घ्यावे लागे. लँडसॅटचा साठा सगळ्या जगाला फुकट खुला झाला तो २००८ मध्ये. बजेट एका चित्राचे, म्हणून स्वच्छ, बिनढगाळ चित्र हवे. जून ते सप्टेंबर आकाश भरलेले. म्हणजे माळ हिरवा असतो नेमक्या त्याच महिन्यांत उपग्रहाला खालचे दिसत नाही. मग सगळे मागवत तेच मीही मागवले: एप्रिलचे चित्र.

आमच्या चित्रांत जिवंत पान लाल दिसते. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश पान भरपूर परतवते, आणि त्या प्रकाशाला आम्ही लाल रंग देतो. त्यामुळे एप्रिलच्या चित्रात पाटाखालचा ऊस लालभडक पेटलेला होता. ज्वारी काढून मोकळी झालेली रब्बीची राने राखाडी होती. आणि मेंढरांनी चरलेला, वाळलेल्या गवताचा माळही तसाच राखाडी. त्या चित्राकडे बघून कोणालाही वाटावे, जीव आहे तो उसात. बाकी सगळे मेलेले.

मी चढ पाहिला, मातीची खोली पाहिली, रस्त्यापासूनचे अंतर पाहिले, शेती वगळली, वनखात्याची हद्द वगळली. हे थर एकावर एक ठेवले आणि जे उरले त्याला फिकट पिवळा रंग दिला. सूचीत लिहिले: पडीक जमीन. अचूकता तपासायला जीपने फिरलो, पण जीप जाते तिथवरच. बहुतेक ठिपके डांबरी सडकेच्या आसपासचे. आमच्या धंद्यात पंचाऐंशी टक्के अचूकता आली की काम पास समजतात. माझा नकाशा त्या रेषेच्या वर बसला. तलाव, गावठाण, बागायत या सोप्या गोष्टींनी गुण मिळवून दिले होते. चुकांच्या तक्त्यात एकच ओळ वाईट होती, ती गवताची. त्या ओळीबद्दल कोणी विचारले नाही. मीही बोलले नाही. कार्यालयात पेढे वाटले गेले.

तीन वर्षांनी मी भीमेच्या खोऱ्यातल्या एका माळावर वेगळ्याच कामासाठी गेले. लांडग्यांच्या बिळांच्या जागा नोंदवायच्या होत्या. माळ चढून वर आले आणि थबकले. आकार ओळखीचा होता. पडद्यावर मीच आखलेला पॉलिगॉन, पश्चिमेला जीभ बाहेर काढल्यासारखा. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेसीबीने सलग समतल चर मारलेले होते. चरांच्या मातीवर उंदीरमारीची रोपे ओळीने उभी होती, काही जगलेली, काही काडी झालेली. उकरलेल्या मुरमावर गवताचे एक पाते नव्हते.

खाली ओढ्याकाठी मेंढरे होती. साठीचे एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकवून उभे होते. मी विचारले, “बाबा, हे कुणी केलं?”

“वरनं नकाशा आलता म्हणं. त्यात हितं पडीक लिवलं हुतं.”

मी काही बोलले नाही.

“पडीक म्हंजे वं काय बाई? शेत पेरायचं सोडलं तर पडीक म्हणावं. ह्यो तर माळ हाय. माझ्या आज्यापासनं मेंढरं चरत्यात हितं.”

मग त्यांनी मला चर न मारलेल्या कडेला नेले आणि उकिडवे बसून एकेक बुडखा दाखवला. ही पवन्या, ही दिसली म्हणजे माळ निरोगी. हा मारवेल, जनावर आधी हाच खाते. आणि ही कुसळी. ही फार झाली म्हणजे समजावे की माळ लई चारला. पुस्तकात गवताळ प्रदेशांचा कस ओळखायच्या ज्या खुणा मी वाचल्या होत्या, त्या या माणसाच्या बोटांत होत्या. त्यांनी माझ्या मोज्यात रुतलेले एक कुसळ उपटले, माझ्या तळहातावर ठेवले आणि बाटलीतले पाण्याचे दोन थेंब त्यावर टाकले. पिळलेली शेपटी हळूहळू उलगडायला लागली आणि बी तळहातावर स्वतःभोवती फिरले. “पाऊस पडला की असं फिरत फिरत भुईत शिरतंय,” ते म्हणाले. कोरड पडली की पुन्हा पीळ बसतो, ओल आली की सुटतो, आणि बी स्क्रूसारखे मुरमात उतरते. एवढी तजवीज असलेल्या जमिनीला मी सूचीत निकामी ठरवले होते.

त्या दिवशी मी त्यांना सांगितले नाही की नकाशा माझा होता. ती लाज अजून जात नाही.

परतल्यावर मी शब्द गोळा करायला लागले. माळ, माळरान, गायरान, कुरण, बरड. सात-बाऱ्यावर पोटखराब. कोकणात जांभ्याचा सडा. प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा: कुठे मालकी कळते, कुठे माती, कुठे वापर. आपल्या भाषेने अर्धा डझन शब्द ठेवले आहेत तिथे माझ्या सूचीत एकच होता, आणि तो महसुलाच्या वहीतून आलेला. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असा इंग्रजी अमदानीतला हिशेब. तोच पुढे उपग्रहाच्या नकाशांतही शिरला. २००० साली देशाचा पडीक जमिनींचा ॲटलास निघाला. त्यात झुडपी जमीन आणि खालावलेली चराऊ कुरणे हे पडीक जमिनीचेच प्रकार होते. दुसरीकडे वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर जागेवर दहा टक्के झाडांची सावली असली की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कुठले, हे बघत नाहीत. म्हणून आंब्याची बाग हिरव्यात मोजली जाऊ शकते आणि पवन्याचा माळ पिवळ्यात जातो. यात कोणी खोटे बोलत नाही. व्याख्याच तशी आहे.

कोणी म्हणेल, हे माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली उजाड जमीनच ना? मलाही कॉलेजात तेच शिकवले होते. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातले जुने मराठी वाङ्मय आणि मौखिक परंपरा चाळून त्यांतल्या झाडाझुडपांचे उल्लेख वेचले. त्यांत माळरानाच्या वनस्पती ठळक निघाल्या, आणि हा मुलूख किमान साडेसातशे वर्षे असाच मोकळा, विरळ झाडांचा आहे असे दिसले. पंढरपूरला कान्होपात्रेच्या कथेतले झाड तरटीचे. तरटी ही माळावरची काटेरी वनस्पती. वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले झाड माझ्या धंद्याला पुरावा म्हणून आत्ता सुचले.

चूक सुधारायला तंत्रही लागतेच, आणि ते फार अवघड निघाले नाही. आता सेंटिनेल-२ ची दहा मीटरची चित्रे फुकट मिळतात, तीही दर काही दिवसांनी. एका चित्राऐवजी मी वर्षभराची चित्रे ओळीने लावते. माळ पहिल्या पावसाबरोबर हिरवा होतो आणि दसरा-दिवाळीला सोनेरी पडतो. रब्बीचे रान तेव्हा काळे, नांगरलेले असते आणि दिवाळीनंतर हिरवे होते. एप्रिलमध्ये जुळ्या भावंडांसारखी दिसणारी ही दोन राने ऑक्टोबर ते डिसेंबरात एकमेकांच्या उलट वागतात. उत्तर कॅलेंडरात होते आणि कुठल्याही शेतकऱ्याने ते फुकट सांगितले असते. मी महागडे चित्र घेतले आणि चुकीचा महिना निवडला. अलीकडे एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी देशातल्या निमकोरड्या भागांतल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. त्यांच्या हिशेबाने या परिसंस्था देशाच्या भूभागाच्या सुमारे दहा टक्के भरतात. म्हणजे माझा पिवळा रंग माझ्या एकटीचा नव्हता.

रंगांइतकीच रेषाही जपून ओढावी लागते. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे. हेतू चांगला होता, पण त्या रेषेच्या आत गावे, बाजारपेठा, पिकती शेती सगळेच आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि ज्या पक्ष्यासाठी हे केले त्याच्यावरच लोकांचा राग निघाला. नंतर फेररचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर पक्षी जवळजवळ गेला होता. या अभयारण्यापुढे सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे पाचेक चौरस किलोमीटरचे, पण तिथे चिंकारा टिकला आहे. आकडा मोठा म्हणून नकाशा चांगला ठरत नाही.

प्राणीही आमच्या रेषा वाचत नाहीत. वन्यप्राण्यांचे मार्ग काढताना आम्ही प्रत्येक प्रकारच्या जमिनीला अडथळ्याचे गुण देतो: जंगलाला एक, शेताला वीस, रस्त्याला शंभर, असे काहीतरी. संगणक त्यावरून सगळ्यात सोपी वाट काढतो. नकाशा देखणा होतो, पण ते गुण टेबलाभोवती बसलेल्या चार माणसांनी ठरवलेले असतात. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ रेडिओ कॉलर गळ्यात घेऊन निघाला आणि पाचएक महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत विदर्भ, मराठवाडा, तेलंगणातली शेते आणि रस्ते. त्याआधी अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून दाखवले होते की जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात त्या ऊसपट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरला चार-पाच प्रौढ बिबटे आहेत. माझ्या पद्धतीच्या नकाशात त्या जागेला अधिवास म्हणून शून्य मिळाले असते. आता मार्गाचा नकाशा देताना मी गुणांचा तक्ता सोबत जोडते आणि सांगते, हे आमचे अंदाज आहेत, बदलून बघा.

कामाची रीतही बदलली. नवीन मुले संगणकावर बसण्याआधी मी त्यांना आठवडाभर माळावर पाठवते, एखाद्या वाड्यामागे. धनगरांचा फिरता तळ, म्हणजे वाडा, सरकतो तसे चालायचे आणि जागांची नावे लिहून घ्यायची. हिवराचा माळ, लांडगदरा, कोल्ह्याची टेकडी. ही नावे मी आता नकाशाचा एक थर म्हणून ठेवते. काही मुले कंटाळतात, काहींना वाटते हा वेळ क्लासिफिकेशनला दिला असता तर बरे झाले असते. त्यांचे चुकत नाही. मलाही त्यांच्या वयात तसेच वाटत होते.

जुना नकाशा दुरुस्त करून मी संबंधितांना पाठवला, दोनदा. पोच आली नाही. मागच्या वर्षी एका नव्या प्रकल्पाच्या अहवालात, या वेळी सौर पॅनेलसाठी जागा शोधताना, तोच पॉलिगॉन दिसला, पश्चिमेला जीभ काढलेला. खाली तारीखही नव्हती. छापून गेलेला नकाशा परत बोलावता येत नाही; तो फाइलीतून फाइलीत जात राहतो आणि करणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. त्या माळावर उंदीरमारी आता डोक्याच्या वर गेली आहे. मेंढरे तिला वळसा घालून जातात.

म्हणून एक विनंती. तुमच्या ग्रामसभेत, तालुक्याच्या बैठकीत किंवा वर्तमानपत्रात कधी असा रंगीत नकाशा समोर आला, तर रंग बघू नका, आधी कोपऱ्यातली सूची वाचा. मग विचारा, चित्र कुठल्या महिन्यातले आहे, आणि नकाशा करणारा त्या जमिनीवर चालून आला आहे का. उत्तर मिळाले नाही, तर त्या पिवळ्या रंगावर सही करू नका.